वाचकांचे प्रश्न : बाळाचा उपचार दवाखान्यापुरता नसतो

मुलांची आजारपणे, रुग्णालयातील उपचार आणि प्रतिबंधक काळजी यांविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांतून या अंकासाठी सहा पत्रे निवडली आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे गाळली आहेत. बहुतेकांनी रुग्णालयाविषयी विचारले आहे; उत्तरे लिहिताना मला मात्र रुग्णालयात पोहोचण्याआधीच्या काही तासांकडे आणि घरी परतल्यानंतरच्या काही आठवड्यांकडे पुन्हापुन्हा वळावे लागले. नमुना नोंदणी सर्वेक्षणाच्या २०२० सालच्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रात हजार जिवंत जन्मांमागे १६ बालके वर्षाची होण्याआधी दगावतात आणि त्यांपैकी ११ पहिल्या २८ दिवसांतच जातात. म्हणून पहिले उत्तर नवजात बाळाविषयीचे आहे आणि तेच सर्वांत मोठे आहे.

प्रश्न : माझी मुलगी ३१ आठवड्यांची असताना जन्मली. जन्मवजन १,४०० ग्रॅम होते. तिला ऑक्सिजन लागला होता आणि जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात ठेवले होते. आज ती २४ दिवसांची आहे, वजन १,६२० ग्रॅम आहे आणि दोन दिवसांपूर्वी आम्हाला सुट्टी मिळाली. कार्डावर ‘पुन्हा तपासणीस यावे’ एवढेच लिहिले आहे. मी सध्या माहेरी आहे. घरी काय काळजी घ्यावी? आजी शेक आणि धुरी द्यायला सांगते, ती द्यावी का?
— एक आई, परभणी जिल्हा

उत्तर : आपल्याला हे उत्तर आम्ही आधीच कळवले आहे, कारण त्यातील एक गोष्ट अंक निघेपर्यंत थांबण्यासारखी नव्हती. ती गोष्ट डोळ्यांची. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांची वाढ अपुरी असते. जन्मानंतर, विशेषतः ऑक्सिजन लागलेल्या बाळांमध्ये, ही वाढ वेडीवाकडी होऊन पडदा सुटू शकतो आणि बाळ कायमचे आंधळे होऊ शकते. बाहेरून डोळा नितळ दिसतो, त्यामुळे घरच्यांना काहीही जाणवत नाही. म्हणूनच ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाचे डोळे जन्मापासून ३० दिवसांच्या आत नेत्रतज्ज्ञांनी बाहुली मोठी करून तपासावे लागतात. २८ आठवड्यांच्या आतील किंवा १,२०० ग्रॅमपेक्षा लहान बाळांचे तर दोन-तीन आठवड्यांतच. एकदा तपासून भागत नाही. रक्तवाहिन्यांची वाढ पुरी होईपर्यंत तज्ज्ञ सांगतील त्या अंतराने पुन्हा जावे लागते. दोष वेळीच सापडला तर लेझरने किंवा इंजेक्शनने दृष्टी वाचवता येते. आपल्या मुलीचे ३० दिवस भरायला सहा दिवस उरले आहेत. जिल्हा रुग्णालयात ही तपासणी होत नसेल तर ती कोठे होते हे तेथील बालरोगतज्ज्ञांनी किंवा जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राने (लहान मुलांतील दोष लवकर शोधणाऱ्या शासकीय केंद्राने) सांगणे त्यांचे कर्तव्य आहे, आणि ते आपण आग्रहाने विचारावे. ज्या सुट्टीच्या कार्डावर या तपासणीची तारीख आणि ठिकाण लिहिलेले नाही, त्या कार्डाने उपचार अर्धवट सोडला आहे असेच मी मानते. कानांची तपासणीही याच फेरीत विचारून घ्यावी.

आता ऊब आणि दूध. एवढ्या लहान बाळाला सर्वांत चांगली ऊब आईच्या छातीची. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे घालून आपल्या उघड्या छातीवर, दोन्ही स्तनांच्या मध्ये, उभे आणि मान किंचित वर राहील असे ठेवावे आणि वरून कापडाने बांधून घ्यावे. याला कांगारू मातृसेवा म्हणतात. आपण दमलात तर बाळाचे वडील, आजी किंवा मावशी यांनी ती जागा घ्यावी. बाळ साधारण अडीच किलोचे होईपर्यंत किंवा ते स्वतःच हातपाय झाडून बाहेर येऊ पाहील तोपर्यंत ही सेवा दिवसाचे जितके जास्त तास देता येईल तितकी द्यावी. बाळाचे पोट गरम पण तळपाय गार लागले तर त्याला थंडी बाधते आहे असे समजावे आणि लगेच छातीशी घ्यावे. दूध केवळ आईचे. बाळ ओढून दमत असेल तर काढलेले दूध वाटी-चमच्याने, रात्री झोपेतून उठवूनसुद्धा, दर दोन तासांनी द्यावे. दिवसाला सरासरी २० ते ३० ग्रॅम वजन वाढत असेल तर दूध पुरते आहे.

धुरी देऊ नये. बाळाची फुप्फुसे कोवळी आहेत आणि धुराने त्यांना इजा होते. शेगडीचा शेकही नको, कारण या वयात कातडी चटकन भाजते. बाळघुटी, मध, साखरपाणी, कानात किंवा नाकात तेल, डोळ्यांत काजळ हेही नको. आजींचा हेतू बाळाला ऊब मिळावी हाच आहे, तेव्हा त्यांना नुसता नकार देण्याऐवजी बाळ त्यांच्या छातीवर बांधून द्यावे. लशी जन्मतारखेप्रमाणे द्यायच्या असतात. बाळ वेळेआधी जन्मले म्हणून सहा आठवड्यांची लस पुढे ढकलू नये.

आपण माहेरी आहात हा मुद्दा कार्डावर कोठेच नसणार, आणि नेमकी येथेच कितीतरी बाळे नजरेआड होतात. रुग्णालय सासरचा पत्ता लिहिते, सासरची आशाताई घराला कुलूप पाहून परतते आणि माहेरच्या आशाताईला बाळ आल्याचे ठाऊकच नसते. बाळंतपण रुग्णालयात झाले असेल तर आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायचे असते. नवजात कक्षातून परतलेल्या बाळासाठी तर घरी आल्यापासून चोवीस तासांत. आपण आजच माहेरच्या आशाताईंना बोलावून घ्यावे. या भेटी म्हणजे केवळ कागदोपत्री सोपस्कार नव्हेत. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले, आणि तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. आज देशभर आशाताई ज्या भेटी देतात त्यांचे मूळ तेथे आहे.

बाळाने दूध ओढणे सोडले, अंग गार पडले किंवा ताप आला, पोट उडू लागले, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त झाला, झटके आले किंवा बाळ मलूल पडून राहिले, तर सकाळची वाट न पाहता १०२ किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. एक वर्षापर्यंतच्या आजारी बालकाला शासकीय रुग्णालयात औषधे, तपासण्या, रक्त आणि येण्याजाण्याचे वाहन जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत मिळते. २०११ साली हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा ही सोय ३० दिवसांपुरतीच होती.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. माझ्या गावातील एका दीड वर्षाच्या मुलाचा दंडघेर (दंडाचा घेर) ११ सेंटिमीटर भरला आहे. त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करायला सांगितले, पण आई-वडील तयार नाहीत. घरी आणखी दोन मुले आहेत आणि पेरणीचे दिवस आहेत. वरून आम्हालाच विचारणा होते. काय करावे?
— एक सेविका, धारणी तालुका, जि. अमरावती

उत्तर : दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, हे आपले मोजमाप बरोबर आहे. पण तीव्र कुपोषित प्रत्येक मुलाला भरती करावेच लागते असे नाही. दोन्ही पायांवर दाबल्यावर खड्डा राहणारी सूज आहे का, मूल ताप, न्यूमोनिया किंवा जुलाबाने आजारी आहे का आणि दिलेला आहार ते आपणहून, भुकेने खाते का, हे तीन प्रश्न आधी पाहावेत. सूज नसेल, आजार नसेल आणि भूक चांगली असेल तर आरोग्यसेविकेच्या देखरेखीखाली ग्राम बाल विकास केंद्रातच, म्हणजे गावातल्या अंगणवाडीतच, त्याचा उपचार होऊ शकतो. यातले एकही उत्तर वाईट आले तर मात्र भरती टाळता येत नाही, कारण कुपोषित मुलाच्या शरीरात संसर्गाशी झगडण्याचे बळ नसल्यामुळे गंभीर जंतुसंसर्ग असूनही ताप येतोच असे नाही. उलट अंग गार पडते आणि रक्तातली साखर उतरते. अशा मुलाला दवाखान्यात नेताना, ते शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तर, सुमारे ५० मिलिलिटर पाण्यात एक चमचा साखर विरघळवून पाजावी आणि त्याला आईच्या अंगाशी गुंडाळून न्यावे.

आई-वडिलांच्या नकाराला मी अडाणीपणा म्हणणार नाही. चौदा दिवस आईने दवाखान्यात बसायचे म्हणजे पेरणीच्या दिवसांतली मजुरी जायची, घरच्या दोन मुलांच्या जेवणाचे काय हा प्रश्न उभा राहायचा, आणि ज्या वॉर्डात तिची कोरकू भाषा बोलणारे कोणी नाही तेथे दोन आठवडे मुक्याने काढायचे. भरतीचा सल्ला देणाऱ्याने या तीनही गोष्टींची उत्तरे खिशात घेऊन जावे. बुडीत मजुरीची भरपाई केव्हा आणि कोणाच्या हाती मिळेल हे आधीच विचारून ठेवावे. मागे राहणारी मुले दिवसभर अंगणवाडीत राहतील आणि रात्री कोणत्या नातेवाइकाकडे झोपतील हे आपण स्वतः ठरवून द्यावे. आणि पहिल्या दिवशी आशाताईने किंवा आपण सोबत जाऊन आईची तेथील परिचारिकेशी ओळख करून द्यावी. गावातला भुमका (पारंपरिक मांत्रिक-वैदू) या घराच्या विश्वासातला असेल तर त्याच्याशी वाद घालू नये. त्याचे विधी त्याने करावेत, पण पोटावर चटके देऊ नयेत आणि मूल खाईनासे झाले की त्यानेच दवाखान्यात पाठवावे, एवढे त्याच्याकडून कबूल करून घ्यावे.

मूल परत आल्यावर खरे काम सुरू होते. केंद्रात वाढलेले वजन घरी आल्यावर महिन्याभरात उतरलेले मी अनेकदा पाहिले आहे, कारण ज्या घरातून ते गेले होते त्याच घरात ते परतते. दोन महिने दर पंधरवड्याला त्याचे वजन आणि दंडघेर नोंदवावा, राहिलेल्या लशी पुऱ्या कराव्यात आणि धाकट्या भावंडाचा दंडघेरही त्याच दिवशी मोजावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील १०.९ टक्के मुले उंचीच्या मानाने अतितीव्र कमी वजनाची आढळली. एवढ्या मुलांना खाटा कोठेच पुरणार नाहीत, आणि ‘वरून’ विचारणा करणाऱ्यांनी सेविकेला जाब विचारण्याआधी बुडीत मजुरीची भरपाई वेळेवर पोहोचते का हे पाहिले तर आपले काम निम्म्याने हलके होईल.

प्रश्न : मी आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीवर आहे. एक उद्योगसमूह मुलांच्या उपचारासाठी देणगी देऊ इच्छितो आणि लहान मुलांचा व्हेंटिलेटर घ्यावा असा समितीत सूर आहे. आपले मत काय?
— एक समिती सदस्य, यवतमाळ जिल्हा

उत्तर : व्हेंटिलेटर घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. तो चालवणारे डॉक्टर आणि चोवीस तास त्याच्याजवळ उभ्या राहणाऱ्या प्रशिक्षित परिचारिका ज्या रुग्णालयात नाहीत, तेथे तो कोपऱ्यात कापडाखाली पडून राहतो. रुग्णालयात दगावणाऱ्या मुलांपैकी कितीतरी मुले भरती झाल्यापासून पहिल्या चोवीस तासांतच जातात. देणगी त्या चोवीस तासांवर, किंबहुना त्यांतल्या पहिल्या अर्ध्या तासावर खर्च व्हावी.

बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेकडे पाहावे. नोंदणीच्या खिडकीपुढे शंभर माणसे उभी असतात आणि त्यांत श्वास लागलेले बाळ कडेवर घेतलेली आई सत्तराव्या क्रमांकावर असते. मलावी देशातील ब्लँटायरच्या रुग्णालयाने आलेल्या प्रत्येक मुलाकडे रांगेतच पाहून अत्यवस्थ मुले बाजूला काढण्याची आणि त्यांचा उपचार तत्काळ सुरू करण्याची पद्धत बसवली. भरती मुलांतील मृत्यूचे प्रमाण तेथे आधी १० ते १८ टक्के होते, ते ६ ते ८ टक्क्यांवर आले. यासाठी लागते ती एक शिकवलेली परिचारिका, एक टेबल आणि ‘या मुलाला आत न्या’ हा तिचा शब्द कोणीही न अडवण्याची शिस्त.

दुसरी गोष्ट ऑक्सिजन. ऑक्सिजन कोणाला लागतो हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. रक्तातला ऑक्सिजन मोजणारे, बोटाला लावायचे पल्स ऑक्सिमीटर आणि त्याचे लहान मुलांसाठीचे वेगळे चिमटे हवेत. पापुआ न्यू गिनीतील पाच रुग्णालयांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारी यंत्रे) आणि ऑक्सिमीटर आल्यानंतर न्यूमोनियाच्या मुलांतील मृत्यूचा धोका ३५ टक्क्यांनी उतरला. आपल्याकडे कोरोनाच्या साथीत आलेले कॉन्सन्ट्रेटर अनेक ठिकाणी पडून आहेत. नवे घेण्याआधी जुने दुरुस्त करून घ्यावेत आणि बाळांच्या नाकात बसतील अशा बारीक नळ्या भरपूर आणाव्यात. त्याच टेबलावर बाळाच्या मापाची श्वास देण्याची पिशवी आणि मुखवटा, ग्लुकोमीटर, बारीक सुया, अचूक वजनकाटा आणि वजनानुसार औषधांच्या मात्रा मोठ्या अक्षरांत लिहिलेला तक्ता असावा. हा तक्ता भिंतीवर असला तर झटके येत असलेल्या मुलापुढे उभ्या असलेल्या नव्या डॉक्टरला कागदावर गणित मांडत बसावे लागत नाही.

तिसरी गोष्ट वीज. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि दहा बाळे दगावली. सात बाळांना बाहेर काढता आले. उबदार पाळणे, काविळीवरच्या फोटोथेरपीचे दिवे, पंप आणि मॉनिटर ही सगळी विजेवर चालणारी यंत्रे रात्रंदिवस चालू असतात आणि कक्षात ऑक्सिजन खेळत असतो. आपल्या रुग्णालयाची वीजजोडणी एवढा भार पेलते का, धुराची सूचना देणारी यंत्रणा चालते का, आपत्कालीन दार बाहेरून कुलूपबंद तर नाही ना आणि रात्री कक्षात सतत कोणी हजर असते का, हे समितीने स्वतः जाऊन, शक्यतो रात्री जाऊन पाहावे. या एका कामासाठी देणगीतला मोठा वाटा गेला तरी तो सत्कारणी लागेल.

उरलेला पैसा पुढे पाठवण्याच्या व्यवस्थेवर खर्च करावा. मूल यवतमाळला किंवा नागपूरला पाठवताना आधी तेथे फोन झाला आहे, रुग्णवाहिकेतल्या सिलिंडरमध्ये वाटभर पुरेल एवढा ऑक्सिजन आहे, आई सोबत आहे आणि कोणते औषध किती वाजता दिले याची चिठ्ठी तिच्या हातात आहे, या चार गोष्टींची खात्री करणारी व्यक्ती प्रत्येक पाळीत नेमलेली असावी. आणि महिन्यातून एकदा समितीने दगावलेल्या प्रत्येक मुलाचा प्रवास घरापासून तपासावा. कोणाला दोषी ठरवण्यासाठी ती बैठक भरली तर पुढच्या महिन्यापासून कोणी खरे सांगणार नाही, एवढे भान अध्यक्षांनी ठेवावे.

प्रश्न : आमच्या शाळेच्या परिसरातील निम्मी कुटुंबे दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. लहान मुलांच्या लशी मध्येच सुटतात. परत आल्यावर पहिल्यापासून सुरुवात करावी लागते का?
— एक शिक्षक, शिरूर कासार तालुका, जि. बीड

उत्तर : नाही. जेथे खंड पडला तेथून पुढे सुरू करायचे. आधी घेतलेली लस वाया जात नाही. मात्र काही लशींना वयाची मर्यादा आहे. बीसीजी एक वर्षापर्यंतच देतात. पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्रित लस), रोटाव्हायरस आणि न्यूमोकोकल यांचा पहिला डोस पहिल्या वाढदिवसाआधी झाला असेल तर उरलेले नंतर देता येतात. एकही झाला नसेल तर पेंटाव्हॅलंटऐवजी त्रिगुणी लस देतात. गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस, किमान एक महिन्याच्या अंतराने, पाच वर्षांपर्यंत देता येतात. किरकोळ ताप, सर्दी किंवा जुलाब असतील तरी लस टाळायचे कारण नाही.

या मुलांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त चिंता गोवराची वाटते. नऊ महिन्यांचा डोस नेमका ऊसतोडीच्या फडावर असताना येतो आणि कोप्या (तेथील तात्पुरत्या झोपड्या) एकमेकींना लागून असतात. गोवर हा पुरळ येऊन जाणारा साधा आजार आहे हा समज चुकीचा आहे. त्यानंतर काही आठवडे ते काही महिने मुलाची प्रतिकारशक्ती खचलेली राहते आणि न्यूमोनिया व जुलाब त्याला गाठतात. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवंडीपासून गोवर पसरला, मालेगाव आणि भिवंडीतही मुले आजारी पडली, आणि साथीच्या भागात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस द्यावा लागला. गोवर झालेल्या मुलाला जीवनसत्त्व ‘अ’चे दोन डोस, लागोपाठ दोन दिवस, दिलेच पाहिजेत, ते दिल्याने डोळे आणि जीव दोन्ही वाचतात.

आपण शिक्षक आहात म्हणून एक विनंती. कुटुंबे निघण्याच्या आधीच्या पंधरवड्यात आशाताई आणि आरोग्यसेविकेसह मुकादमांची (ऊसतोड टोळ्यांच्या प्रमुखांची) एक बैठक घ्यावी आणि कोणत्या टोळीसोबत पाच वर्षांखालील किती मुले कोणत्या कारखान्याकडे चालली आहेत याची यादी करावी. ती यादी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला गेली तर तेथील लसीकरण सत्र फडावर नेता येते. माता व बाल संरक्षण कार्डाचे छायाचित्र वडिलांच्या मोबाइलमध्ये काढून द्यावे, कारण कागदी कार्ड पत्र्याच्या पेटीत गावीच राहते. लस कोणत्याही जिल्ह्यातल्या शासकीय सत्रात मोफत मिळते. रहिवासाचा पुरावा कोणी मागितला तर तो मागण्याचा त्यांना अधिकार नाही.

प्रश्न : माझा मुलगा तीन वर्षांचा आहे. छिंदवाड्याच्या घटनेनंतर खोकल्याचे कोणतेही औषध द्यायची भीती वाटते. पण खोकला वाढला तर काय करावे?
— एक वडील, नागपूर

उत्तर : आपली भीती अनाठायी नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात ‘कोल्ड्रिफ’ हे सिरप घेतलेल्या मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली, वीसहून अधिक मुले दगावली आणि त्यांतील अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणले होते. तपासणीत त्या औषधात डायएथिलीन ग्लायकोल हे विषारी रसायन ४८.६ टक्के आढळले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. हा दोष उत्पादनाचा आणि देखरेखीचा होता, आणि त्याची जबाबदारी औषध नियंत्रण यंत्रणेवरच राहते. पालकांनी बाटलीचे लेबल वाचून तो ओळखणे शक्य नव्हते.

पण त्या सिरपची मुळात गरज किती होती हा प्रश्न उरतो. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्या वेळी पुन्हा बजावले की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही सर्वसाधारणपणे ती सुचवू नयेत. साधी सर्दी आणि खोकला आपसूक बरा होतो. कोमट पाणी, नाक चोंदले असल्यास मिठाच्या पाण्याचे थेंब आणि एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला रात्री अर्धा चमचा मध एवढे पुरते. एक वर्षाखाली मध देऊ नये. आधीच्या आजारपणातली उरलेली बाटली किंवा शेजारच्या मुलाला लागू पडलेले औषध देऊ नये.

पाहायचा असतो तो श्वास. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून, पोटाची हालचाल मोजावी. दोन महिन्यांखाली ६०, एक वर्षापर्यंत ५० आणि एक ते पाच वर्षे वयात ४० किंवा त्याहून जास्त श्वास असतील तर तो न्यूमोनिया असू शकतो आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल काही पीत नसेल, प्यायलेले सगळे उलटून टाकत असेल किंवा गुंगीत असेल तर थेट रुग्णालय गाठावे.

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या मुलीला डेंग्यूसाठी पाच दिवस एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात ठेवले होते. मला दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटे भेटू दिले. घरी आल्यापासून ती रात्री दचकून उठते आणि पांढरा कोट दिसला की किंचाळते. आईला बाहेर ठेवणे आवश्यक असते का?
— एक आई, ठाणे

उत्तर : बहुतेक वेळा आवश्यक नसते, आणि नियम म्हणून तर मुळीच नसावे. जंतुसंसर्गाचे कारण पुढे केले जाते. पण हात धुऊन, स्वच्छ गाऊन घालून बसलेल्या आईमुळे संसर्ग वाढतो यापेक्षा उलटच अनुभव आहे. नवजात बाळांच्या बाबतीत हे स्पष्टपणे मोजले गेले आहे. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, कमी वजनाच्या बाळाला जन्मल्याबरोबर, प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता, आईजवळ ठेवून त्याच कक्षात उपचार केले असता २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १५.७ वरून १२ टक्क्यांवर आले. केंद्र शासनाने नवजात कक्षात आई-वडिलांना सामील करून घेण्याची मार्गदर्शक तत्त्वे २०१७ मध्येच काढली आहेत. तीन-चार वर्षांचे मूल तर सगळे समजते, फक्त आई का गेली हे त्याला कळत नाही. तातडीची प्रक्रिया चालू असताना काही मिनिटे बाहेर थांबायला सांगणे समजण्यासारखे आहे. पाच दिवस बाहेर ठेवणे ही रुग्णालयाची सोय असते.

आपल्या मुलीचे घाबरणे स्वाभाविक आहे आणि ते बहुधा काही आठवड्यांत ओसरेल. तिला त्या पाच दिवसांविषयी बोलू द्यावे, बाहुलीला इंजेक्शन देण्याचा खेळ तिने मांडला तर थांबवू नये, आणि ‘दुखणार नाही’ असे खोटे आश्वासन पुढच्या वेळी कोणी देऊ नये. ‘थोडे दुखेल आणि मी तुझा हात धरून असेन’ हे तिला पुरते. दीड-दोन महिन्यांनंतरही झोप मोडत असेल तर बालमानसतज्ज्ञांना दाखवावे.

तक्रार करायची असल्यास, महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार प्रत्येक खासगी रुग्णालयाने रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावले पाहिजे, आणि तक्रार ऐकण्यासाठी स्थानिक नोंदणी अधिकाऱ्यांकडे कक्ष असला पाहिजे. ठाणे शहरात हे अधिकारी महानगरपालिकेचे आहेत. अतिदक्षता विभागात आईने किती वेळ थांबावे याचा शब्द त्या सनदेत सापडेलच असे नाही. म्हणून तक्रारीसोबत, लहान मुलांच्या विभागात एका पालकाला चोवीस तास थांबता यावे अशी लेखी मागणी रुग्णालयाच्या व्यवस्थापनाकडेही करावी, आणि शक्य असल्यास ज्यांची मुले त्याच आठवड्यात तेथे होती त्या इतर पालकांच्या सह्या घेऊन करावी. अशा मागणीमुळे भेटीच्या वेळा बदललेली रुग्णालये मी पाहिली आहेत.